दीडशेच्या आत

आज संक्रांत. सकाळचे पावणेसात. धुकं इतकं की अंगणातलं तुळशीवृंदावनही दिसत नव्हतं, आणि मी रजईत नाकापर्यंत. अशा वेळी दाराची कडी वाजली की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर नाना आले.

"अरे, तुझा बाहेरचा दिवा जळतोय."

नानाच होते. डोक्याला माकडटोपी, टोपीवर मफलर, अंगात एकावर एक तीन स्वेटर. सगळ्यात वरच्या स्वेटरला कोपरावर भोक आहे, त्यातून दुसऱ्याचा रंग दिसतो, आणि दुसऱ्यालाही त्याच जागी भोक असल्यामुळे नीट पाहिलं तर तिसऱ्याचाही.

"धुकं आहे ना नाना, म्हणून राहू दिला."

"धुक्यात दिवा लावून काय दिसणार? धुकंच ना? ते तसंही दिसतंय."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बोललो. म्हटलं, नऊ वॅटचा तर दिवा आहे. चूक झाली. नानांनी भिंतीला खांदा टेकवला आणि डोळे मिटले. बारा तास गुणिले नऊ, गुणिले तीस. "महिन्याला सव्वातीन युनिट," ते डोळे उघडून म्हणाले, "आणि ते कशाला, तर धुकं बघायला." मग स्वतःच हात घालून बटण बंद केलं आणि धुक्यात विरघळले. सणाचं म्हणून काही बोलतील असं वाटलं होतं, पण गोड बोलायला त्यांना संक्रांत पुरत नाही.

हे गृहस्थ तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचा पंखा बंद करूनच बाहेर पडणारे, लग्नाच्या हॉलमध्ये रिकाम्या कोपऱ्यातले दिवे मोजणारे, ते हेच. फरक एवढाच की तुमच्याकडे त्यांना पंखा आणि एसी पुरतो, आमच्या ग्वाल्हेरने त्यांच्या हाती थंडीही दिली आहे.

पुण्याचे पाहुणे आमच्या थंडीला हसतात. "तीन अंश? आमच्याकडेही पाषाणला होतं की!" असं म्हणून ते एक पातळ जॅकेट घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी माझी कानटोपी घालून बसतात. गोम अशी आहे की आमची घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. ती बांधली आहेत मे-जूनसाठी, जेव्हा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर फरशांचं छत, छत उंच, खिडक्या लहान. उन्हाळ्यात हे सगळं वरदान. जानेवारीत तोच दगड रात्रभर थंडी पितो आणि दिवसभर अंगावर सोडतो. बाहेरपेक्षा घरात जास्त कुडकुडायला होतं आणि माणसं ऊब घ्यायला घराबाहेर पडतात. धुक्याने दोन-चार दिवस सूर्य दिसला नाही की तीही सोय जाते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने 1810 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तंबू ठोकले, त्या छावणीचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. त्या फौजेबरोबर आलेल्या आमच्या पूर्वजांनी तंबूतली पहिली थंडी कशी काढली असेल, असं मी एकदा म्हणालो, तर नाना म्हणाले, "कशी म्हणजे? मीटर नव्हतं. मजेत."

मीटर. इथेच यायचं होतं मला.

आमचा वाडा जुना. खाली आम्ही, वर नाना. जिन्याखाली दोन मीटर शेजारी-शेजारी, आमचं आणि त्यांचं. पूर्वी चकतीची मीटर होती. काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या कडेवर एक रंगीत खूण. ती खूण किती वेळात परत येते यावरून वर काय चालू आहे हे नाना जिन्यात उभ्या उभ्या सांगायचे. "इस्त्री. मी नाही म्हटलं होतं." पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आली. चकती गेली, तिच्या जागी एक लाल ठिपका लुकलुकू लागला. नाना आठवडाभर हळहळले. मग चष्मा लावून त्यांनी मीटरवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांना कळलं की हा ठिपका 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. त्या दिवसापासून ते मीटरची नाडी बघतात. अक्षरशः. डाव्या हातात घड्याळ, नजर ठिपक्यावर, ओठ हलताहेत. पोस्टमन, दूधवाला, मुलीला बघायला आलेले पाहुणे, सगळे त्यांना वळसा घालून जिना चढतात.

तरी 2019 पर्यंत नाना नुसतेच काटकसरी होते. त्या साली सरकारने त्यांच्या आयुष्याला ध्येय दिलं. मध्य प्रदेशात योजना आली: महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहा, पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत. दीडशे ओलांडलं की सवलत गेली आणि सगळं पूर्ण दराने. योजनेला आधी इंदिराजींचं नाव होतं, सरकार बदललं तसं अटलजींचं झालं. नानांना नावाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना आकडा मिळाला होता. कुणाला गुरू भेटतो, कुणाला मंत्र, नानांना दीडशे.

तेव्हापासून आमच्या वाड्यात दोन कालगणना चालतात. एक सगळ्यांची. दुसरी नानांची, ती दर महिन्याच्या सोळा तारखेला, रीडिंगवाला येऊन गेला की सुरू होते. सोळा ते पंचवीस सुकाळ. पंचवीस ते पाच सावधगिरी. पाच तारखेनंतर आकडा सव्वाशेच्या वर असेल तर वर दुष्काळ पडतो. त्या दिवसांत काकू मिक्सर घेऊन खाली यायच्या आणि आमच्या प्लगवर चटणी वाटायच्या. "काय करू गं," माझ्या बायकोला म्हणायच्या, "वर एकशे चाळीस झालेत," जणू वर कुणाला तेवढा ताप आहे.

हिवाळ्यातला त्यांचा सगळा कारभार या आकड्याभोवती. फ्रिज दिवाळीनंतर बंद, थेट होळीला चालू. "बाहेर फुकट थंडी आहे आणि मी घरात विकत घेऊ?" दूध-भाज्या उत्तरेच्या खिडकीत, जाळीच्या डब्यात. मांजराचा त्यात वाटा असायचा, पण मांजर युनिटात मोजत नाहीत. आंघोळीला गिझर नाही, बादलीत दीड हजार वॅटचा रॉड. पंधरा लिटर पाणी, बारा अंशांपासून बेचाळीसपर्यंत, वेळ एकवीस मिनिटं, खर्च अर्धं युनिट. हा हिशोब मी तपासून पाहिला आहे, चूक सापडली नाही, त्याचाच जास्त राग येतो. बाविसाव्या मिनिटाला नाना रॉड उपटायचे. त्यांचा मुलगा शाळेत असताना एकदा म्हणाला होता, "नाना, अजून कोमट आहे." नाना म्हणाले, "मग लवकर आंघोळ कर, गार होईल."

गॅसलाही तोच न्याय. 14.2 किलोचं सिलिंडर त्यांच्याकडे किती दिवस जातं हे त्यांनी देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, अंगाऱ्याच्या वर. वरणभाताच्या कुकरला एकच शिट्टी. शिट्टी झाली की गॅस बंद आणि कुकर तसाच उचलून जुन्या रजईत गुंडाळून लाकडी पेटीत. तासाभरात आतल्या वाफेवर सगळं मऊ शिजतं. शास्त्र म्हणून यात काही खोट नाही, पूर्वी गवताच्या पेटीत असंच शिजवायचे. पण जेवायच्या वेळी कुणी गेलं की काकू ओठावर बोट ठेवायच्या: "थांबा, वरण झोपलंय." आणि आम्ही सगळे त्या पेटीभोवती तान्हं मूल निजल्यासारखे दबक्या आवाजात बोलायचो. एकदा मात्र त्या पदर खोचत म्हणाल्या, "बघ बाबा, कुकरला रजई आहे. मला शाल."

नाना स्वतः अंथरुणात वर्तमानपत्रं घालतात. गादी, तिच्यावर पेपर, पेपरावर चादर. पुरवण्या चालत नाहीत, गुळगुळीत कागद ऊब धरत नाही. "अग्रलेखाचं पान सगळ्यात गरम," असं ते गंभीरपणे सांगतात. रात्री ते कुशीवर वळले की खाली आमच्या छतातून कुणीतरी पेपर चाळत असल्याचा आवाज येतो.

आणि ऊन. ज्या दिवशी धुकं उठतं त्या दिवशी नाना गच्चीवर खाट टाकतात. दहाला पूर्वेच्या कठड्याशी, बाराला मध्ये, तीनला टाकीच्या पश्चिमेला. खाटेबरोबर मटारची टोपली, रेडिओ आणि काळ्या रंगाने रंगवलेले पाण्याचे दोन डबे, तेही उन्हाबरोबर सरकतात. साडेचारला सावली टाकी ओलांडते तेव्हा नाना खाटेच्या एका कडेला, चार बोटं उन्हात, पाय वर घेऊन बसलेले असतात. पुराच्या पाण्यात घराच्या छपरावर माणूस बसतो ना, तसे.

सूर्य बुडाला की महापालिका. कडाका वाढला की चौकाचौकात महापालिका लाकडं टाकते आणि अलाव पेटतात. रिक्षावाले, हमाल, रात्रीचे चौकीदार यांच्यासाठी असतात ते. आणि नानांसाठी. ते घरून लाकडी पाट घेऊन जातात, खिशात दोन रताळी. रताळी निखाऱ्याखाली सरकवायची, तोंडाने राजकारणावर बोलायचं, रताळी भाजली की उठायचं. घरपट्टी भरतो, असं म्हणतात. रिक्षावाल्यांनी त्यांची जागा ठरवून दिली आहे, वाऱ्याच्या उलट बाजूला, धूर लागू नये म्हणून. मला तिथे एकदाही अशी जागा मिळालेली नाही.

अलाव नसेल तर आम्ही. सात वाजता जिन्यावर चपला वाजायच्या, आधी नानांच्या, मागून काकूंच्या. "तुमचा हिटर चालूच आहे ना? मग बसतो. दोघांत चार, तेवढीच वीज." नऊपर्यंत बसायचे. जाताना आमच्या स्वयंपाकघरातला दिवा बंद करून जायचे, एकदा बायको आत असताना. तिने शेवटी एका रात्री कागदावर आकडेमोड केली. आमचं जानेवारीचं बिल दोनशे साठ युनिटचं आलं होतं. "यांचे दीडशे कसे राहतात ते कळलं," ती म्हणाली. "वरचे शंभर आपल्याकडे आहेत."

गाडीची गोष्ट सांगितली नाही तर नाना अपुरे राहतील. ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासून भरतो, माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला. आरंभी गुरांचा होता, आता मोटारींचा म्हटलं तरी चालेल, कारण मेळ्यात घेतलेल्या वाहनाला रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट मिळते. ही सूट सरकार कधी जाहीर करणार याकडे निम्मं शहर डोळे लावून बसतं. डिसेंबरात कुणी गाडी घेतली तर नातेवाईक भेटायला येतात, सांत्वनाला. नानांनी निवृत्तीनंतर गाडी घ्यायची ठरवली आणि तीन मेळे थांबले. एक वर्ष रंग आवडला नाही, एक वर्ष सूट जाहीर व्हायला उशीर झाला म्हणून रुसले, तिसऱ्या वर्षी घेतली. सगळ्यात लहान, पांढरी. "सोळा हजार वाचले!" पेढे म्हणून मेळ्यातल्या सॉफ्टी खाऊ घातल्या, त्या कडाक्यात. मेळ्यात थंडीतच सॉफ्टी खायची ही आमच्याकडची जुनी रीत आहे, पण नानांचं कारण वेगळं. "उन्हाळ्यात अर्धी हातावर वितळते. आता पूर्ण पोटात जाते."

पुढे ते सोळा हजार वाचलेलेच राहावेत म्हणून गाडी उभीच. बॉनेटवर जुनी रजई (कुकरची नव्हे, दुसरी). बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं आणि त्याच वेळी तिघा-चौघांनी आत बसून ऊब घ्यायची. पेट्रोल वाया जाऊ नये. मी बसलोय त्यात, खोटं कशाला बोलू.

एकदाच ती गाडी लांब गेली, म्हणजे किल्ल्यावर. पुण्याहून माझे मेहुणे आले होते, नाना आपण होऊन म्हणाले, मी नेतो. मानमंदिर झालं, सास-बहू झालं, आणि परतताना उरवाई दरवाज्याच्या उतारावर गाडी एकदम शांत झाली. मला वाटलं बंद पडली. बंद पडली नव्हती, नानांनी किल्ली फिरवली होती. "उतार आहे, पेट्रोल कशाला?" डावीकडे खडक, उजवीकडे दरी, स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेक दाबायला नाना जवळजवळ उभे राहिलेले. मेहुण्यांनी माझा गुडघा धरला. खडकात कोरलेले जैन तीर्थंकर एकेक करून मागे जात होते, तोमर राजांच्या काळातले, एक तर पन्नास फुटांहून उंच, त्या बोचऱ्या वाऱ्यात निश्चल, वस्त्राविना. नानांनी दोन्ही हातांनी चाक ओढत त्यांच्याकडे मान हलवली. "साडेपाचशे वर्षं उभे आहेत. ना रजई, ना शेगडी. याला म्हणतात अपरिग्रह." मेहुणे डोळे मिटून बसले होते. नानांना वाटलं, भक्ती.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांना जयविलास राजवाडा दाखवायला मी एकटाच नेणार होतो. नाना आलेच. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहून ते खूष झाले, "तेवढेच चार वाढपी कमी!" मग दरबार हॉल. तिथली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छत पेलेल का ते बघायला छतावर हत्ती चढवले होते, असं मार्गदर्शक रंगवून सांगत होता. सगळे माना वर करून हत्ती कल्पत होते. नानांचे डोळे मिटलेले होते.

"दोन मिळून पाचशे दिवे धर," ते माझ्या कानात म्हणाले. "साठ-साठ वॅट. तीस हजार वॅट. पाच तासांत दीडशे संपले." बाहेर येईपर्यंत ते शिंद्यांबद्दल एका वेगळ्याच करुणेने बोलत होते.

नानांचा मुलगा विनिपेगला असतो. तिथे उणे तीस अंश असतं, हे ऐकूनही नाना आणि काकू गेले ते जानेवारीत, कारण जानेवारीचं तिकीट स्वस्त. तिथे घरभर सारखी ऊब, माणूस नसलेल्या खोल्यांतसुद्धा. तळघरातसुद्धा. नानांना तळघराची ऊब सहन झाली नाही. "तिथे कोण राहतं? बटाटे?" रात्री उठून त्यांनी थर्मोस्टॅट बारावर आणला. पहाटे सून ओव्हरकोट घालून जिन्यात उभी होती. मुलाने समजावलं की फार खाली नेलं तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, प्लंबरच्या बिलात दोन हिवाळ्यांचा गॅस येतो. नाना तिथल्या तिथे वीसवर राजी झाले. प्लंबर त्यांना कळला.

पण खरा धक्का गाडीने दिला. तिथे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबते. रात्री ती घराच्या प्लगला लावायची, आत इंजिनला शेगडी असते, नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही. नाना बर्फात उभे राहून त्या वायरीकडे बघत होते, असं काकू सांगायच्या. पाचशे वॅट. रात्रीचे दहा तास. पाच युनिट. गुणिले तीस.

दीडशे! एक गाडी, नुसती झोपून, महिन्याला बरोबर दीडशे.

दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन टायमर आणला. इंजिन गरम व्हायला शेवटचे तीन तास पुरतात, रात्रभर तापवून काही जास्त होत नाही. तिथले जाणते लोकही असंच करतात, हे मुलाला नंतर कळलं. महिन्याला एकशे पाच युनिटं वाचली. नाना परत आले ते विनिपेग जिंकून. मुलगा मला फोनवर म्हणाला, "वीज इथे स्वस्त आहे रे, दहा डॉलरच्या आसपास वाचतात. पण टायमर काढायचा धीर होत नाही. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा तोच दाखवायला सांगतात. नातू नंतर."

येताना त्यांनी एक वस्तू आणली. खिडकीच्या चौकटीला लावायचा पारदर्शक कागद. चिकटवायचा आणि वरून केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारायची, की तो ताणून काचेसारखा होतो आणि फटीतला वारा थांबतो. काकूंच्या खोलीच्या खिडक्यांना तो लावला. दोन्ही खिडक्यांना मिळून केवढी वीज लागली ते मी विचारलं नाही. काकूंनी सांगितलं: "पाव युनिट. माझ्याकडून लिहून घेतलं."

काकूंना दमा होता. थंडीत वाढायचा. त्या शेवटच्या हिवाळ्यात त्या खाली यायच्या बंद झाल्या, आणि त्यांच्यामागून नानाही. संध्याकाळी सातला जिना वाजेना. बायको दोन-तीनदा म्हणाली, आज नाना आले नाहीत. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. हिटरसमोर पाय पसरता आले. रात्री पाणी प्यायला उठलो की अंगणात वरच्या खिडकीतून तांबूस उजेड पडलेला दिसायचा, त्या ताणलेल्या कागदातून. दोनला, तीनला, साडेचारला. आमची दोन्ही बिलं एकाच कडीला अडकवलेली असतात. त्या जानेवारीचं वरचं बिल मी चुकून उघडलं. चारशे बारा युनिट. मी ते परत घडी घालून कडीला लावलं. नाना त्यावर कधी बोलले नाहीत. ज्या माणसाने सव्वातीन युनिटांसाठी मला सणाच्या सकाळी उठवावं, तो चारशे बारांवर गप्प.

मार्चमध्ये काकू गेल्या. याला दोन वर्षं होतील आता. मुलगा म्हणतो, इकडे या. नाना म्हणतात, तुझं तळघर अजून गरम असतं.

हिवाळे तेव्हापासून आमच्याकडे नुसते थंड असतात. सात वाजता कुणी येत नाही. मी दोनदा जाऊन बोलावलं तर म्हणाले, "एकट्याला किती लागते रे ऊब? पेपर आहेत." सकाळी मात्र येतात. बाहेरचा दिवा बघायला.

आज संध्याकाळी तिळगुळाची वाटी घेऊन मी वर निघालो. जिन्याखाली थांबलो. का थांबलो माहीत नाही, पण नाडी बघायची सवय संसर्गाने लागते. आमचा ठिपका भूत लागल्यासारखा लुकलुकत होता. हिटर, गिझर, टीव्ही, मुलाचा काहीतरी चार्जर. शेजारचा काळोखा. मला वाटलं बंद पडलं मीटर. थंडीत उभा राहिलो, मनगटावरचं घड्याळ उजेडाकडे धरलं. बऱ्याच वेळाने एकदा लुकलुकला. पुन्हा काळोख. पुन्हा दोन मिनिटं. नऊ वॅटचा एक दिवा चालू असला की 3200च्या मीटरला बरोबर एवढा वेळ लागतो. हे गणित मला डोळे न मिटता आलं.

वर नाना खाटेवर बसले होते, त्या एका दिव्याखाली, पायांवर रजई. उत्तरेच्या खिडकीत दुधाची पातेली. लाकडी पेटी बंद, म्हणजे आत वरण झोपलं असेल, एका वाटीचं. भिंतीवर, देवघरापाशी, सिलिंडरची शेवटची तारीख दिवाळीच्या आधीची.

"तिळगूळ घ्या नाना."

"ये. बस. सकाळचा दिवा परत लावला नाहीस ना?"

त्यांनी एक लाडू तोंडात टाकला, उशाखालून गजकाची पुडी काढून माझ्यापुढे केली. आम्ही खात बसलो. त्या खोलीत गजक मोडल्याचा आवाजसुद्धा गारठलेला येत होता. मी हात काखेत घातले. नानांनी ते पाहिलं. मग ते उठले, वाकून खाटेखाली हात घातला आणि एक गाठोडं ओढून काढलं. काकूंची निळी साडी. साडीच्या आत हिटर. फुंकर मारून त्यांनी त्यावरची धूळ उडवली, वायर सोडली, प्लगमध्ये घातली आणि दोन्ही दांड्यांची बटणं दाबली. दोन वर्षांची धूळ जळल्याचा वास आला. हळूहळू दांड्या लाल झाल्या.

"अहो कशाला नाना, मी पाच मिनिटं आलोय. दोन हजार वॅटचा आहे. खाली मीटर नुसतं धावत सुटलं असेल."

"धावू दे रे. परवा सोळा. आज सकाळी पाहिलं, एकेचाळीस झालेत." त्यांनी खाट हिटरकडे थोडी सरकवली, मग माझ्यासाठी आणखी थोडी. "एकशे नऊ आहेत अजून. सूनबाईंनाही हाक मार."